विश्लेषण : खालून तापणाऱ्या लाकडी जमिनीवर गालिचा घालावा का?

ऑक्टोबर सरू लागला की ब्रिटनमधील घरांमध्ये हीटिंग सुरू होते. नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या घरात आता भिंतीवरच्या रेडिएटरऐवजी जमिनीखालून उष्णता देणारी व्यवस्था असते आणि तिच्यावर ओक लाकडाची फळी. दिसायला देखणी, पण रांगणाऱ्या बाळाला कठीण आणि पुण्या-नाशिकहून आलेल्या आजीला निसरडी. खालच्या मजल्यावरचा शेजारीही पावलांच्या आवाजाने वैतागलेला असतो. मग सोपा उपाय सुचतो : लाकडावरच गालिचा टाकावा. हा उपाय दिसतो तितका सोपा का नाही, त्यात लाकडाचे, खोलीच्या उबेचे आणि खिशाचे काय होते, याविषयी...

जमिनीखालची उष्णता खोलीत येते कशी?

अंडरफ्लोअर हीटिंगचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात सिमेंट-वाळूच्या थरात प्लास्टिकच्या नळ्यांची वेटोळी पुरलेली असतात आणि त्यातून बॉयलर किंवा हीट पंपाने तापवलेले पाणी फिरते. या थराला तेथे ‘स्क्रीड’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात लाकडाच्या अगदी खाली विजेची पातळ केबल, जाळी किंवा फिल्म असते.

रेडिएटरला साधारण ६० ते ७५ अंश सेल्सियस तापमानाचे पाणी लागते. जमिनीखालच्या नळ्यांना ३५ ते ४५ अंश पुरते, कारण इथे संपूर्ण जमीनच रेडिएटरचे काम करते. तापलेला पृष्ठभाग खोलीपेक्षा जितका गरम, तितकी उष्णता वर येते. ढोबळ हिशेब असा, की दर अंशाच्या फरकामागे एका चौरस मीटरमधून साधारण ११ वॅट. खोली २० अंशांवर आणि लाकूड २७ अंशांवर असेल, तर प्रत्येक चौरस मीटर सुमारे ७५ वॅट उष्णता देतो. २० चौरस मीटरच्या दिवाणखान्यात हे दीड किलोवॅट होतात.

लाकडासाठी २७ अंशांचीच मर्यादा का?

युरोपात या व्यवस्थेसाठी ‘ईएन १२६४’ हे मानक आहे. त्यानुसार माणसांचा वावर असलेल्या भागात जमिनीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जाऊ नये. न्हाणीघरात ही मर्यादा ३३ अंश आहे. ती पायांच्या सुखासाठी. लाकडासाठी मात्र बहुतेक उत्पादक २७ अंश ही मर्यादा सांगतात आणि अनेकदा वॉरंटीची अटही तीच असते.

कारण लाकूड हवेतली आर्द्रता घेते आणि सोडते. आर्द्रता गेली की ते रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, आली की फुगते. थंडीत बंद घरात हीटिंग सुरू असताना हवा आधीच कोरडी झालेली असते. त्यात फळी खालून जास्त तापली, की सांध्यांमध्ये फटी पडतात, फळीच्या कडा वर उचलल्या जातात किंवा वरच्या पापुद्र्याला बारीक चिरा जातात. म्हणून अशा ठिकाणी अखंड लाकडाऐवजी ‘इंजिनीअर्ड वूड’ वापरतात. त्यात खाली प्लायवूडसारखे एकमेकांना काटकोनात चिकटवलेले थर आणि वर ओकचा काही मिलिमीटरचा थर असतो. ही फळी कमी हलते, पण अजिबात हलत नाही असे नाही.

‘टॉग’ म्हणजे काय?

गालिच्याच्या दुकानात विचारावयाचा खरा प्रश्न रंगाचा किंवा जाडीचा नाही, टॉगचा आहे. टॉग हे उष्णता अडवण्याचे माप आहे. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूट या वस्त्र संशोधन संस्थेत १९४०च्या दशकात ते तयार झाले. कपड्यांना बोली इंग्रजीत ‘टॉग्ज’ म्हणतात, त्यावरून हे नाव आले. ब्रिटनमध्ये राहिलेल्यांना ते पांघरुणांवरून माहीत असते. उन्हाळ्यातली रजई साडेचार टॉगची आणि कडाक्याच्या थंडीतली साडेतेरा टॉगची.

एक टॉगच्या थराच्या दोन बाजूंच्या तापमानात एका अंशाचा फरक असेल, तर एका चौरस मीटरमधून १० वॅट उष्णता पार होते. दोन टॉगमधून पाच वॅट. थर एकावर एक टाकले की टॉगची बेरीज होते, मग ते कापड असो, फोम असो की लाकूड. गोधडीवर गोधडी घ्यावी तसेच हे आहे. फरक इतकाच, की गोधडी अंगाची ऊब आत ठेवते आणि इथे ऊब आत अडकून राहणे नको असते.

हिशेबात कुठे चूक होते?

ब्रिटनमधील गालिचा उद्योगाची शिफारस अशी, की अंडरफ्लोअर हीटिंगवर गालिचा आणि त्याखालचा अंडरले मिळून अडीच टॉगच्या आत ठेवावेत. ‘ईएन १२६४’ याहून कडक आहे. त्याची आखणी वरच्या आच्छादनाला दीड टॉगची मर्यादा धरून होते. दुकानदार लेबल दाखवून सांगतो, ‘दोन्ही मिळून दोनच टॉग, काही अडचण नाही.’ हे खरेही असते, पण गालिचा थेट स्क्रीडवर पडणार असेल तरच.

खाली १५ मिलिमीटरची ओकची फळी असेल, तर तिचाच रोध साधारण एक टॉग असतो. म्हणजे दोन टॉगच्या गालिच्यासह बेरीज तीन. अडीचची मर्यादा लेबलवर पाळली जाते, पण प्रत्यक्षात मोडते. याशिवाय बेरीज अडीचच्या आत बसवली, तरी दुसरा प्रश्न उरतोच. स्क्रीडवरच्या गालिच्याला २७ अंशांची चिंता नसते; गालिच्याखाली दबलेल्या लाकडाला असते.

गालिचा टाकल्यावर प्रत्यक्षात काय होते?

वरचाच दिवाणखाना घेऊ. उघडे लाकूड २७ अंशांवर, खोली २० अंशांवर, उष्णता ७५ वॅट. ही उष्णता एक टॉगच्या फळीतून वर यायची, तर फळीचा तळ सुमारे ३४.५ अंशांवर असावा लागतो. आता वर दोन टॉगचा गालिचा आणि अंडरले अंथरले. तीन शक्यता संभवतात.

पहिली, लाकडाचा माथा २७ अंशांवरच रोखला. मग गालिच्यातून वर येणारी उष्णता प्रति चौरस मीटर सुमारे २४ वॅटवर येते, म्हणजे पूर्वीच्या एक तृतीयांश. दीड किलोवॅट देणारी खोली आता जेमतेम अर्धा किलोवॅट देते. लाकूड वाचते, माणसे कुडकुडतात.

दुसरी, व्यवस्थेला हात लावला नाही आणि फळीचा तळ ३४.५ अंशांवरच राहिला. उष्णता सुमारे ३७ वॅट, म्हणजे निम्मी. पण लाकडाचा माथा आता जवळपास ३१ अंशांवर. खोलीही अपुरी तापते आणि लाकूडही मर्यादा ओलांडते.

तिसरी, काही झाले तरी पूर्वीइतकी ऊब हवी म्हणून पाण्याचे तापमान वाढवले. ७५ वॅट गालिच्यापार जायचे तर लाकडाचा माथा ४२ अंशांवर आणि तळ ५० अंशांच्या आसपास न्यावा लागतो. ही गोष्ट लाकडाच्या कोणत्याही वॉरंटीत बसत नाही.

थोडक्यात, गालिचा खोली आणि लाकूड यांच्यात भांडण लावतो. दोघांचेही समाधान करणारे बटण थर्मोस्टॅटवर नसते.

मग थर्मोस्टॅटचा सेन्सर कशासाठी?

बहुतेकांचा समज असतो, की जमिनीत सेन्सर आहे, तो जास्त तापू देणार नाही. इथे एक बारीक मेख आहे. भिंतीवरचा थर्मोस्टॅट खोलीतली हवा मोजतो. गालिच्यामुळे खोली थंड राहिली, की तो उष्णता मागतच राहतो. जमिनीतला सेन्सर असला, तरी तो सहसा लाकडाच्या खाली, स्क्रीडमध्ये किंवा केबलशेजारी असतो. म्हणजे तो फळीचा तळ मोजतो, माथा नाही.

व्यवस्था बसवणारा तंत्रज्ञ हा फरक लक्षात घेऊन मर्यादा ठरवतो. उघड्या लाकडासाठी तळ ३४.५ म्हणजे माथा २७, हे गणित बरोबर असते. गालिचा आल्यावर सेन्सर तोच आकडा दाखवतो, पण माथा ३१ वर गेलेला असतो. यंत्र बिघडलेले नसते. ज्या जमिनीसाठी ते लावले होते, ती जमीन बदललेली असते. म्हणून गालिचा अंथरायचाच असेल, तर मर्यादा पुन्हा ठरवून घेणे हे पहिले काम. ते मात्र बहुतेक वेळा राहून जाते.

विजेच्या केबलच्या बाबतीत धोका आणखी वेगळा आहे. पाण्याच्या नळीचे तापमान आत येणाऱ्या पाण्यापेक्षा वर जाऊ शकत नाही. केबल मात्र वीज सुरू असेपर्यंत ठरलेली उष्णता निर्माण करतच राहते. वर जाड गालिचा, गादी किंवा बीनबॅग पडली आणि सेन्सर दुसऱ्या कोपऱ्यात असला, तर तेवढाच तुकडा भलताच तापतो. लाकडावर डाग पडतो किंवा केबलच निकामी होते. अशा व्यवस्थांच्या माहितीपत्रकात आच्छादनाची टॉग मर्यादा स्वतंत्र दिलेली असते, ती आधी पाहावी.

खर्चावर काय परिणाम होतो?

इंग्लंडमध्ये जून २०२२पासून लागू झालेल्या बांधकाम नियमांनुसार नव्या हीटिंग व्यवस्थेची आखणी जास्तीत जास्त ५५ अंशांच्या पाण्यावर करावी लागते. गॅस बॉयलरकडून हीट पंपाकडे वळावे म्हणून इंग्लंड आणि वेल्समध्ये साडेसात हजार पौंडांचे अनुदानही दिले जाते. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. पाणी जितके कमी तापवायचे, तितकी त्याची वीज कमी लागते. ढोबळमानाने पाण्याच्या प्रत्येक अंशाच्या वाढीमागे कार्यक्षमता दोन ते अडीच टक्क्यांनी घटते. गालिच्यासाठी १५ अंश वाढवायचे, तर विजेचा वापर एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त वाढू शकतो.

पाणी वाढवले नाही, तर खर्च दुसऱ्या वाटेने येतो. खोली गार राहते म्हणून बाजारातून विजेचा छोटा हीटर आणला जातो. ब्रिटनमध्ये विजेचे युनिट गॅसच्या युनिटपेक्षा साधारण चौपट महाग आहे. जमिनीतून कमी झालेला एक किलोवॅट अशा हीटरने भरून काढणे म्हणजे उष्णता मिळवण्याचा सर्वात महागडा मार्ग निवडणे. शिवाय जमिनीखालचे उष्णतारोधन कच्चे असेल, तर वर जाऊ न शकलेली उष्णता खाली मुरते. तिचेही पैसे मोजलेलेच असतात.

घर नवे असेल तर काही फरक पडतो का?

पडतो, आणि मोठा पडतो. भिंतींत आणि छतात भरपूर उष्णतारोधन, तिपदरी काचेच्या खिडक्या अशा नव्या घराला ऐन थंडीतही प्रति चौरस मीटर तीस-चाळीस वॅट पुरू शकतात. तिथे एकूण एक टॉगचा पातळ गालिचा घातला आणि लाकडाचा माथा २७ अंशांवर ठेवला, तरी सुमारे ३६ वॅट मिळतात. असे घर हा बदल सोसू शकते. उलट जुन्या विटांच्या, फटींतून वारा शिरणाऱ्या घराला उघड्या लाकडाचे ७५ वॅटही अपुरे पडतात. तिथे गालिच्याचा विचारच करू नये. म्हणून शेजाऱ्याने घातला आणि त्याला काही झाले नाही, हा पुरावा ठरत नाही. शेजाऱ्याच्या भिंती वेगळ्या असू शकतात.

बसवताना कोणत्या चुका महागात पडतात?

भिंतीपासून भिंतीपर्यंतचा गालिचा ताणून बसवण्यासाठी कडेने दातेरी लाकडी पट्ट्या ठोकतात. त्यांचे खिळे विजेच्या केबलमध्ये किंवा कमी जाडीच्या पाट्यांत बसवलेल्या नळ्यांमध्ये घुसू शकतात. तरंगत्या लाकडी जमिनीत आणखी एक घोटाळा होतो. अशी जमीन खाली चिकटवलेली नसते. फुगण्या-आकसण्यासाठी भिंतीलगत साधारण १० मिलिमीटर मोकळी जागा सोडलेली असते. खिळे फळीतून आरपार खालच्या थरात गेले, की जमीन जखडली जाते. हलायला जागा नसलेले लाकूड मग मध्येच फुगवटा धरते.

रबराच्या पाठीचा गालिचा किंवा न घसरणारी रबरी जाळी उबदार लाकडावर ठेवली, तर तिच्यातील घटकांमुळे लाकडाच्या पॉलिशवर कायमचा डाग उमटू शकतो. गालिच्याखाली पाणी सांडले आणि मुरले तर तेही लवकर वाळत नाही. आणि काही वर्षांनी गालिचा उचलला, तर उजेड लागलेल्या व न लागलेल्या लाकडाच्या रंगातला फरक लपत नाही.

भाड्याच्या घरात काय करावे?

घरमालकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय गालिचा बसवू नये, खिळे तर मुळीच ठोकू नयेत. वर्षाला ५० हजार पौंडांहून कमी भाडे असलेल्या घरासाठी २०१९च्या कायद्यानुसार इंग्लंडमध्ये अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. पण लाकडी जमिनीची दुरुस्ती त्या अनामतीला सहज भारी पडू शकते. स्वतःचा फ्लॅट असला, तरी अनेक इमारतींच्या लीजमध्ये आवाज रोखण्यासाठी जमिनीवर गालिचा असावा, अशी अट असते. अशा घरात लाकूड बसवण्याआधीच ती वाचावी. लाकूड बसवून, शेजाऱ्याची तक्रार आल्यावर त्यावर गालिचा घालणे, हा दोन्हीकडून तोट्याचा क्रम आहे.

मग मार्ग कोणते?

संपूर्ण खोलीत गालिचा हवाच असेल, तर उत्तम मार्ग म्हणजे आधी लाकूड काढणे. एकमेकांत अडकवलेल्या तरंगत्या फळ्या काळजीने सुटतात आणि नंतर वापरताही येतात. मग थेट स्क्रीडवर कमी टॉगचा अंडरले आणि आखूड लोकरीचा गालिचा घालावा. कडेच्या पट्ट्या खिळ्यांऐवजी गोंदाने चिकटवाव्यात. विजेची जाळी लाकडाखाली असेल, तर तिच्यावर थेट गालिचा चालतो का, हे उत्पादकाकडून आधी विचारून घ्यावे. लाकूड स्क्रीडला चिकटवलेले असेल, तर ते काढणे खर्चीक ठरते. तेव्हा एक तर जमीन उघडी ठेवावी किंवा खोलीचा उष्णतेचा हिशेब तज्ज्ञाकडून मांडून घ्यावा.

बाळासाठी, आजीसाठी किंवा आवाजासाठी सुटा, पातळ, विणलेल्या पाठीचा छोटा गालिचा बहुतेकदा पुरतो. खोलीचा एक तृतीयांशाहून कमी भाग झाकला, तर बाकीचे लाकूड उष्णता देत राहते. तरीही त्या तुकड्याखालचे लाकूड इतरांपेक्षा गरम होतेच. म्हणून त्याची जागा अधूनमधून बदलावी आणि खाली साधा तापमापक सरकवून हिवाळ्यातल्या पहिल्याच आठवड्यात आकडा पाहावा. तो २७च्या वर गेला, तर पाण्याचे तापमान उतरवावे किंवा गालिचा उचलावा.

जमिनीतून घर उबदार ठेवणे ही काही नवी गोष्ट नाही. कोरियात ‘ओंडोल’ शतकानुशतके चालत आले आहे. पूर्वी चुलीचा धूर जमिनीच्या दगडी लाद्यांखालून फिरवला जाई, वर तेल पाजलेला कागद असे. आता त्याच घरांत गरम पाण्याच्या नळ्या आहेत आणि वरचे आच्छादन पातळच आहे. झोपायची गादी पारंपरिक घरांत रात्री अंथरतात, सकाळी घडी करून ठेवतात. काश्मीरमध्ये घरांतल्या आणि मशिदींतल्या ‘हमाम’मध्येही लाकडे जाळून दगडी लाद्या खालून तापवतात.

आपल्याकडची अंथरूण-पांघरुणाची सवय इथे उपयोगी पडते. ज्या जमिनीतून ऊब यायची आहे, तिच्यावर कायमचे काही बसवण्याऐवजी लागेल तेव्हा अंथरावे आणि काम झाले की गुंडाळावे. बाळाच्या दुपारच्या खेळापुरती पातळ सुती सतरंजी आणि संध्याकाळी पुन्हा मोकळे लाकूड. जाड गालिच्याचे पैसे वाचतात, आणि जमीनही तापायची तेवढीच तापते.